अनुताई वाघ : कोसबाडच्या टेकडीवरची बालवाडी आणि म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश, यांचा काय संबंध?

२१ सप्टेंबरला जगभर अल्झायमर दिवस पाळला जातो. त्यानंतर सहा दिवसांनी, २७ सप्टेंबरला, अनुताई वाघ यांचा स्मृतिदिन येतो. एक तारीख आठवणी पुसून टाकणाऱ्या आजाराची. दुसरी तारीख पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या एका शिक्षिकेची. या दोन तारखा शेजारी शेजारी आल्या, हा योगायोग.

पण या दोन गोष्टींमधला धागा योगायोगाचा नाही. म्हातारपणी मेंदू किती तग धरेल, याची तयारी लहानपणीच सुरू होते, असं गेल्या काही दशकांतलं संशोधन सांगतं. आणि अनुताईंनी नेमकं हेच वय निवडलं होतं.

त्यांनी हे काम अल्झायमर टाळायला केलं नाही. त्यांच्यासमोर प्रश्न साधा होता : वारल्यांचं पोर शाळेत का येत नाही? त्याचं उत्तर शोधताना त्यांनी जे उभं केलं, त्याचा अर्थ आज आपल्याला नव्याने कळतोय. म्हणून आधी त्यांची गोष्ट, मग मेंदूची.

तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांतच नवरा गेला. १९२० च्या दशकात बालविधवेच्या वाट्याला काय यायचं, हे वेगळं सांगायला नको. घरातला एक कोपरा, लोकांची धुणीभांडी आणि सणासुदीला मागे राहणं.

अनुताईंनी तो कोपरा नाकारला आणि पुन्हा पुस्तक हातात घेतलं. व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा त्या पास झाल्या. ही परीक्षा पास झालं की प्राथमिक शाळेत शिकवता यायचं. मग पुण्याला शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, काही काळ नाशिक जिल्ह्यात शिकवलं आणि पुण्याच्या हुजूरपागेत नोकरीला लागल्या. दिवसा मुलींना शिकवायचं आणि रात्री स्वतः रात्रशाळेत बसायचं, असं करत त्यांनी मॅट्रिक पूर्ण केलं.

शहरातली नामांकित शाळा, महिन्याचा पगार, समाजात मान. बालविधवा म्हणून सुरू झालेलं आयुष्य इथे येऊन स्थिरावलं असतं तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

१९४५ : एकाच पट्ट्यात दोन गोष्टी घडत होत्या

१९४५ मध्ये मुंबईजवळ बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांसाठी शिबिर झालं. अनुताई तिथे गेल्या आणि त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. गुजरातेत गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं, नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला होता, दादरला शिशुविहार चालवलं होतं. पण त्यांच्या मनात एक सल होता : बालशिक्षण शहरातल्या बऱ्या घरच्या मुलांपुरतंच राहिलंय. ते खेड्यात, गरिबाच्या दारात न्यायचं होतं.

त्यासाठी त्यांनी गुजरातच्या सीमेजवळचं, समुद्रकाठचं बोर्डी गाव निवडलं. अनुताईंनी हुजूरपागेची नोकरी सोडली आणि त्याच वर्षी त्या बोर्डीला आल्या. वय पस्तीस.

ते वर्ष या पट्ट्यात साधं नव्हतं. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि यापुढे वेठबिगार करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणाऱ्या माणसाने मान वर करायला सुरुवात केली, त्याच वर्षी, त्याच भागात, दोन बायका त्याच्यासारख्यांच्या मुलांसाठी शाळा काढायला आल्या होत्या. मार्ग वेगळे होते. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता, या माणसाचं डोकं आणि हात कोणाच्या मालकीचे?

शाळेत मूल येत नाही? मग शाळाच मुलाकडे नेऊ

बोर्डीत बालवाडी सुरू झाली खरी, पण ज्यांच्यासाठी काढली ती मुलंच येईनात. मग ताराबाई आणि अनुताईंनी उलटा रस्ता धरला. शाळा उचलून वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. बोर्डीत तो त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होता.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या, अनुताई ४७ वर्षांच्या. बोर्डी निदान बाजाराचं गाव होतं. कोसबाडला भोवती आदिवासी पाडे, मध्ये डोंगरउतार आणि पावसाळ्यात चिखल.

इथे मुलं शाळेत का येत नाहीत याची कारणं दोघींना लवकरच दिसली. मोठी मुलगी येत नाही, कारण आई कामावर गेल्यावर धाकट्या भावाला तिने सांभाळायचं असतं. मुलगा येत नाही, कारण तो गुरं राखायला गेलेला असतो. पोराला शाळेची आवड नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. यांनी प्रत्येक कारणावर एकेक उपाय काढला.

धाकटं भावंडं घेऊनच ये, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात भरवली. तिचं नाव विकासवाडी. गुरं सोडता येत नाहीत, तर गुरं चरतात तिथेच शाळा. ती कुरणशाळा. महागडी खेळणी परवडत नाहीत, तर पानं, बिया, खडे, शंखशिंपले यांच्यावर मोजणी आणि रंगओळख. मुलाच्या रोजच्या जगातली वस्तू घ्यायची आणि तिच्यातूनच शिकवायचं.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर टेकडीवरचं काम अनुताईंनी पुढे नेलं.

पण याचा अल्झायमरशी काय संबंध?

आता मेंदूकडे वळू. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया. हा एक आजार नाही, ते लक्षणांच्या समूहाचं नाव आहे : आठवण, विचार, भाषा, दिशा यांची क्षमता इतकी घटते की रोजचं जगणं अडतं. याचं सगळ्यात मोठं कारण अल्झायमर. त्यात मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ या दोन प्रथिनांचा चुकीच्या जागी साठा होत जातो आणि पेशी हळूहळू मरतात. हा साठा लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू झालेला असतो.

गंमत अशी की दोन माणसांच्या मेंदूत सारखाच बिघाड असला, तरी दोघांची अवस्था सारखी असतेच असं नाही. १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन या अमेरिकी संशोधकाने जोगिणींवर एक अभ्यास सुरू केला. पुढे त्यात ६७८ जोगिणी सामील झाल्या आणि मृत्यूनंतर आपला मेंदू तपासायला द्यायचं त्यांनी कबूल केलं. त्यांतल्या बऱ्याच जणी आयुष्यभर शिक्षिका होत्या. सिस्टर मेरी नावाची जोगीण १०१ व्या वर्षी गेली. शेवटपर्यंत ती चाचण्यांमध्ये उत्तम गुण मिळवत होती. मेंदू उघडला तर आत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या.

हे कसं होतं? डहाणूच्या पावसाळ्याचं उदाहरण घ्या. ज्या पाड्याला एकच रस्ता आहे, त्याच्या वाटेवरची मोरी पाण्याखाली गेली की पाडा तुटला. पण ज्या पाड्यातून पाच पायवाटा निघतात, तिथला माणूस वळसा घालून का होईना बाजाराला पोहोचतो. पाऊस दोन्हीकडे तेवढाच पडतो. शिकणं, बोलणं, मोजणं, नवं काही करून पाहणं यांनी मेंदूत अशा पायवाटा तयार होतात. शास्त्रज्ञ याला मेंदूची राखीव क्षमता म्हणतात.

यात एक मेखही आहे. बिघाड फार वाढला की पायवाटाही बुडतात आणि अशा माणसाची घसरण पुढे वेगाने होते. म्हणजे राखीव क्षमता आजार बरा करत नाही. ती चांगली वर्षं वाढवते.

२०२४ मध्ये लान्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण बदलता येणारे १४ घटक सांगितले. ते सगळे दूर करता आले, तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. आयुष्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातला त्यांनी सांगितलेला घटक एकच आहे : कमी शिक्षण.

भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांमध्ये, खेड्यांत आणि न शिकलेल्यांमध्ये प्रमाण जास्त आहे. आता डोळ्यांसमोर एक माणूस आणा : बाई, पाड्यावरची, शाळा न पाहिलेली. कोसबाडची टेकडी याच बाईच्या लेकीसाठी शाळा भरवत होती.

अर्थात शाळा एकटी काही करत नाही. शिकलेल्याला बरं काम मिळतं, बरं जेवण मिळतं, तो दवाखान्यात वेळेवर जातो. हे सगळं त्या आकड्यांत मिसळलेलं आहे. आणि अनुताईंचं एक आयुष्य म्हणजे काही पुरावा नव्हे. पुरावा हजारो माणसांच्या अभ्यासातून येतो. अनुताईंमुळे तो पुरावा आपल्या ओळखीच्या जमिनीवर उभा राहतो, इतकंच.

मग न शिकलेल्यांच्या डोक्यात काहीच नसतं का?

असं वाटत असेल, तर एखाद्या वारली लग्नाला जा. तिथे लग्न लावते ती धवलेरी. ती गाणी गात विधी पार पाडते आणि ही गाणी तिला तोंडपाठ असतात. कागद नाही, वही नाही. कोणती भाजी कोणत्या पावसानंतर उगवते, कोणतं मूळ कशावर चालतं, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या प्रत्येक पाड्यावर आहेत. पायवाटा शाळेबाहेरही तयार होतात. कुरणशाळेने हेच ओळखलं होतं. मुलाला जे येतं तिथून सुरुवात केली होती.

अडचण येते ती तपासणीत. स्मृतिभ्रंशाच्या नेहमीच्या चाचण्या शिकलेल्या माणसासाठी बनलेल्या आहेत. आजची तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा. आयुष्यात पेन न धरलेली आजी यात नापास होईल आणि तिला आजार नसतानाही आजारी ठरवलं जाईल. उलटंही घडतं : तिला येतच नव्हतं म्हणून खरा आजार नजरेतून सुटतो.

यावर आपल्या देशात उपाय शोधला गेला. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये अभ्यास करताना संशोधकांनी न शिकलेल्यांसाठी हिंदीत चाचणी तयार केली. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगा. वाचून कृती करण्याऐवजी माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसं करा. वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणा. मूल चाचणीत बसत नसेल, तर चाचणी बदला. अनुताईंना हा विचार अजिबात नवा वाटला नसता.

साठी बुद्धी नाठी? अनुताईंचा हिशेब वेगळा होता

आपल्याकडे साठी बुद्धी नाठी असं सहज म्हटलं जातं. घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं की वय झालं म्हणून सोडून दिलं जातं. पण स्मृतिभ्रंश हा वयाचा अटळ भाग नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणं वेगळं.

अनुताईंनी बी.ए. पूर्ण केलं ते १९६१ मध्ये, एसएनडीटी विद्यापीठातून. तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. शाळेचं काम, मुलं, पाड्यांवरच्या फेऱ्या हे सगळं सांभाळून. शिक्षणपत्रिकेचं संपादन त्या करत होत्या, बालशिक्षणावर पुस्तकं लिहीत होत्या. कोसबाडच्या टेकडीवरून हे आत्मचरित्र त्यांनी उतारवयात लिहिलं. सत्तरी ओलांडल्यावर रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही नवी संस्था सुरू केली. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या ७५ वर्षांच्या होत्या. २७ सप्टेंबर १९९२ ला, ८२ व्या वर्षी त्या गेल्या.

डॉक्टर आज पन्नाशीनंतर जे करायला सांगतात, त्यातलं बरंच या आयुष्यात सापडतं : नवं शिकत राहा, चालतं राहा, माणसांमध्ये राहा. बाकीची यादी अशी. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा. कोलेस्टेरॉल तपासा. तंबाखू-विडी सोडा, दारू कमी करा. दुचाकीवर हेल्मेट घाला, कारण डोक्याला मार लागणं हाही एक धोका आहे. आणि दोन गोष्टी आपण नेहमी टाळतो : कमी ऐकू येत असेल तर कानाची तपासणी, कमी दिसत असेल तर मोतीबिंदूची. ज्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, तो हळूहळू माणसांतून उठतो. मेंदूच्या पायवाटांवर गवत उगवायला तिथूनच सुरुवात होते.

घरात कोणी विसरायला लागलं असेल तर?

या खुणा लक्षात ठेवा. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं. ओळखीच्या वाटेवर चुकणं. आयुष्यभर केलेलं काम, म्हणजे भाकरी थापणं, जाळं विणणं, पैशांचा हिशेब, अडायला लागणं. शब्द न सापडणं. स्वभाव एकदम बदलणं. यातलं काही महिनोन्महिने दिसत असेल तर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांनीही असंच विसरायला होतं आणि ते उपचाराने सुधारू शकतं. भगताकडे जायचं असेल तर जा, पण ही तपासणी चुकवू नका.

अल्झायमर निघाला तर तो पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. काही औषधांनी लक्षणांना थोडा आळा बसतो. पण घरच्यांच्या वागण्याने खूप फरक पडतो. दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा. माणूस गेलेल्या नवऱ्याची वाट बघत बसला तर वाद घालू नका, त्याच्याबद्दल बोला. रात्री दिवा ठेवा. चूल, विहीर आणि रस्ता यांच्याकडे लक्ष ठेवा. खिशात नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. जमेल ते काम त्यांना करू द्या : तांदूळ निवडणं, भाजी मोडणं, नातवंडाजवळ बसणं. जुनी गाणी बरेचदा शेवटपर्यंत राहतात, ती म्हणा.

आणि सांभाळणारीला सुट्टी द्या. बहुतेक घरांत ती सून किंवा लेक असते आणि तिची दमणूक कोणी मोजत नाही. मन हलकं करायला टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, ज्येष्ठांच्या मदतीसाठी एल्डरलाइनचा १४५६७. दोन्ही मोफत आहेत.

टेकडीवरचा प्रश्न अजून तिथेच आहे

डहाणू-तलासरीतून आजही दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. सोबत मुलंही जातात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, शाळेचा पट रिकामा होतो. १९५७ मध्ये कोसबाडला दिसलेलं कारण अजून तसंच आहे, फक्त गुरांच्या जागी विटा आल्या आहेत.

त्या भट्टीवर खेळणारी सहा वर्षांची मुलगी २०८० च्या सुमारास साठीची होईल. तेव्हा तिला आपल्या नातवाचं नाव आठवेल का, याचं उत्तर थोडंफार आज ठरतंय. ती शाळेत येत नसेल, तर शाळा तिच्याकडे कशी न्यायची, हे याच तालुक्यात एकदा करून दाखवलेलं आहे. येत्या २७ सप्टेंबरला अनुताईंना आठवायचं असेल, तर त्या मुलीच्या शाळेपासून सुरुवात करता येईल.